बेनेदिक्ताचं दार

सेखाच्या चौकात बेनेदिक्ता ओरडायला लागली की तारांवरची कबुतरं उडायची. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान तिथून दोन गल्ल्या आत. माझ्या मशीनची घरघर, शेजारी वाल्तेर मिस्त्रीचा हातोडा, आणि तरीही हिचा आवाज कानात शिरायचाच. "पेरेस, पेरेस, सान फ्रान्सिस्को! चला, बसायला जागा आहे, जागा आहे!" जागा कधीच नसायची. मिनीबस ठासून भरलेली, एकजण दाराला लोंबकळतोय, आणि ही बया छातीठोकपणे सांगणार, जागा आहे. लोक चढायचेही. उंचावरच्या एल आल्तोतून खाली ला पास शहरात, पेरेस-सान फ्रान्सिस्कोच्या थांब्यांवर जायला तेव्हा केबल कार नव्हती, मिनीबसशिवाय गत्यंतर नव्हतं, हे खरं. पण माणसं बाकीच्या गाड्या सोडून हिच्याच गाडीत चढायची, हेही खरं.

गाडी चालवायचा तिचा नवरा देल्फीन. हा माणूस इतका अबोल की लग्नात पाद्रीने विचारलं तेव्हाही त्याने नुसती मान हलवली. दोघांचं ठरलेलं होतं. बेने दारात उभी राहून लोकांना आत कोंबणार, पैसे घेणार, आणि सगळं आटोपलं की टपावर तळहाताने दोन थापा मारणार. त्या पडल्या की देल्फीन गिअर टाकणार. थापा पडल्याशिवाय तो हलायचा नाही. मागे पोलीस शिट्ट्या मारू देत, ट्रकवाले आयाबहिणी काढू देत, हा आपला समोर बघत बसलेला. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, गाडीला आरसा आहे ना?"

"आरशात माणसं दिसतात," तो म्हणाला. "निघायचं कधी ते तिला कळतं."

महिन्याभरात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल.

मग बेनेला तो स्नायूंचा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात खांद्यापासून उचलेनात. बोटं तेवढी चालायची. औषधपाण्यात मिनीबस गेली. देल्फीन दुसऱ्याच्या गाडीवर लागला, दारात आज हा पोरगा तर उद्या तो. देल्फीन सवयीने थापांची वाट बघत बसायचा आणि मालकाच्या शिव्या खायचा. बेनेचा आवाज मात्र जसाच्या तसा राहिला. त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. ती माझ्या दुकानात येऊन बसायची आणि दिवसभर रेडिओशी भांडायची. मी तिच्या मुलीची धर्ममाता, म्हणजे आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. मला तिला हाकलता यायचं नाही. यायचं असतं तरी हाकललं नसतं.

येऊन बसायची ती विकुन्यावरून. साओ पावलोला शिलाईकाम करणाऱ्या तिच्या चुलतबहिणीने बॅटरीवर चालणारी खुर्ची धाडली होती. जुनी, पण दणकट. हाताशी एक दांडी, ती बोटाने ढकलली की खुर्ची आधी बिचकायची आणि मग उधळायची, अगदी डोंगरातल्या विकुन्या नावाच्या जनावरासारखी. म्हणून ते नाव. खुर्चीला हॉर्नही होता. कोंबडीचं पिल्लू चिरडल्यासारखा आवाज: पीं. बेनेने तो एकदाच वाजवून बघितला आणि तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "हा माझा आवाज? हा?" त्यानंतर त्या बटणाला तिने बोट लावलं नाही.

पण विकुन्या गल्लीपुरती. माणसांनी उचलायची म्हटली तर कंबर मोडेल इतकी जड, आणि कुठल्या मिनीबसच्या दारात ती शिरणार? बेनेला उचलून आत बसवलं तर खुर्ची रस्त्यावर. ती गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या मिनीबसच्या पोरांना फुटपाथवरून शिकवायची, "अरे, पोटातून ओरड! घशातून काय कोकलतोस?"

असंच चाललं असतं. पण एका जानेवारीत आमच्या मिनीबस लाइनच्या संघटनेचा सेक्रेटरी सेनोन तिच्या घरी आला. लाइनमधली त्यांची जागा अजून त्यांच्या नावावर होती, पण गाडीशिवाय ती किती दिवस राखायची? ऑगस्टात लाइनचा वाढदिवस असतो. त्या दिवशी गाडी आणून तपासणीत पास करून दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्याने सांगितलं.

देल्फीनच्या भावांनी हातभार लावायचं कबूल केलं. देल्फीन म्हणाला, "गाडी घेऊ. दारात ठेवायला पोरगा शोधतो."

"कुठला पोरगा?" बेने म्हणाली. "दारात मी."

"तू खुर्चीत..."

"मग खुर्ची दारात."

झालं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीला दुसरा विषय राहिला नाही.

बेनेचं सगळं रीतीने. चोवीस जानेवारीला, अलासितासच्या जत्रेत, ठीक बारा वाजता जी वस्तू चिमुकली विकत घ्याल ती वर्षभरात खरीखुरी मिळते, हे आमच्याकडे पोरालाही माहीत. घर हवं तर चिमुकलं घर, पदवी हवी तर चिमुकली पदवी. पण बेनेला हवी तशी मिनीबस जत्रेत कुठून मिळणार? तिने कासियानो पत्रेवाल्याला आधीच सांगून ठेवलं: पत्र्याची मिनीबस, दाराला खाली उतरणारी फळी, दाराशी खुर्ची. कासियानोने ती बनवलीही सुंदर. तारेची विकुन्या तर बोटाच्या पेरावर मावेल एवढी. बाराच्या ठोक्याला जत्रेत ही झुंबड, आणि त्यातून बेने विकुन्या दामटत निघालेली, "बाजू, बाजू, माझी गाडी चाललीये!" धूपवाल्या बाईने त्या चिमुकल्या गाडीला धूर दिला, वर फुलांच्या पाकळ्या उधळल्या, वाइन शिंपडली. घरी आल्यावर आम्ही ती एकेकोच्या गळ्यात टांगली. एकेको म्हणजे आमचा मिशाळ, गुटगुटीत, हात पसरून हसणारा देव. गाडीची एक बाजू त्याच्या पोटाला टेकलेली आणि दाराची बाजू आमच्याकडे. येईल तो म्हणायचा, वा, काय दार आहे!

मग खऱ्या गाडीचा शोध. गुरुवार-रविवारच्या बाजारात चिलीच्या बंदरातून आलेल्या जपानी गाड्यांची रांगच रांग. सगळ्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, कारण तिकडे लोक रस्त्याच्या डावीकडून जातात, आमच्यासारखे उजवीकडून नाही. आमच्याकडे आणून ते डावीकडे सरकवायचं, हाच वाल्तेर मिस्त्रीचा धंदा. मी एक झाडूची काठी घेतली. बेने खुर्चीत ताठ बसली की डोक्यापर्यंत जेवढी उंची होते, तिथे काठीला लाल लोकर बांधली, आणि ती काठी खांद्यावर टाकून सगळा बाजार पालथा घातला. जी दिसेल त्या गाडीच्या दारात काठी उभी करायची. लोकर अडकली की पुढे. विकणारे हसायचे आणि वर आदराने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणून विचारायचे. "काय दोन्या, भुतं काढताय?"

"तुझ्या गाडीतलीच," मी म्हणायचे. "खूप आहेत."

आणि मग ती गाडी दिसली. पांढरीशुभ्र, मागच्या दाराला कारखान्यातूनच बसवलेला पाळणा. विकणाऱ्याने बटण दाबलं, गाडी जपानीत काहीतरी गोड बोलली आणि लोखंडी फळी अलगद जमिनीवर उतरली. जमलेली गर्दी आ वासून बघतच राहिली. जपानात अपंग माणसांसाठीच बनवलेली गाडी होती ती. काही कापायला नको, काही जोडायला नको. देल्फीनचे डोळे चमकले. त्याच्या भावाने टाळी वाजवली. मीसुद्धा म्हटलं, "बेने, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस, हीच घे."

बेने विकुन्या घेऊन फळीवर चढली. गाडी पुन्हा गोड बोलली, बेने वर गेली, आत गेली. आम्ही खाली उभे. मग आतून आवाज आला, "मला इथून काय दिसतंय सांगू? सीटांच्या पाठी."

"अगं, पण चढलीस ना आरामात?" देल्फीन म्हणाला.

"बटाट्याचं पोतं पण आरामात चढतं. मागून चढवतात, मागेच ठेवतात, आणि उतरवायचं कोणी विसरलं तर तिथेच राहतं. खाली घ्या मला."

त्यावरून दोघांचं जे भांडण झालं! म्हणजे भांडली ती. तो लाल होऊन उभा होता. त्याचंही चूक नव्हतं. त्याला फक्त तिला घराबाहेर काढायचं होतं, कसंही. पण ती त्याला ऐकवत होती, "तुला बायको गाडीत हवीये. मला दार हवंय."

आम्ही परत निघालो तेव्हा बाजाराच्या टोकाला, चिखलाने माखलेली एक उंच टपाची व्हॅन उभी होती. जपानमधल्या कुठल्याशा बालवाडीची. दोन्ही बाजूंना हसणारे ससे रंगवलेले. मी काठी उभी केली. लाल लोकर दाराच्या चौकटीखालून सुटली, वर आणखी वीतभर जागा. मी ओरडलेच. बेनेने विचारलं, "इंजिन?" देल्फीनने इंजिनावरचं झाकण उघडलं, कान लावला, हात फिरवला. चार हजार मीटर उंचीवर प्रत्येक इंजिनाला दम लागतो, पण हिचा श्वास मोकळा होता. त्याने मान हलवली. लग्नात हलवली होती तशीच.

सशांची व्हॅन वाल्तेरच्या अंगणात आली. अंगण म्हणजे बोळच. व्हॅन नाक आत घालून, उजवी कूस भिंतीला चिकटवून उभी केली, कारण दुसरी जागाच नव्हती. वाल्तेर चांगला मिस्त्री, पण कागदावर काढलेलं त्याला पटत नाही. वस्तू समोर लागते. बेने एकेकोच्या गळ्यातली चिमुकली गाडी मांडीवर घेऊन आली आणि मी ती वाल्तेरच्या पुढ्यात ठेवली.

"जशी ही, तशीच ती. एक खिळा इकडचा तिकडे नको. धूर दिलेली आहे, लक्षात ठेवा."

वाल्तेरने चिमुकली गाडी उलटसुलट करून बघितली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मिस्त्री," बेने म्हणाली, "तुम्ही हात चालवा. तोंड मी चालवते."

त्याने तोंड मिटलं. मी तिथेच होते, मशीनवर पट्टे शिवत. खुर्ची जमिनीला जखडायचे ते पट्टे मी ट्रकच्या ताडपत्रीच्या पट्टीतून दुहेरी शिवले, आणि कडेच्या सीटा अशा केल्या की कोणी बसलं नसेल तेव्हा भिंतीला टेकून उभ्या राहतील. खुर्चीच्या जागेपायी सीटा कमी होतात, आणि सीट म्हणजे भाडं. त्यावरून सेनोन कटकट करणार हे आम्हाला ठाऊक होतं. वाल्तेरने स्टिअरिंग सरकवलं, दाराला खाचांच्या पत्र्याची लांब उतरती फळी, आमच्या भाषेत उतरंड, बसवली, स्प्रिंगा अशा लावल्या की मी एका हाताने ती उचलावी. जमिनीत हूक बसले. दाराच्या अगदी कडेला, पुढच्या सीटच्या पाठीशी. बेने रोज अंगणातून उतरंडीवर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. विकुन्या बिचकायची बंद झाली. गल्लीतली पोरं, म्हाताऱ्या, कुत्री, सगळी बघायला. एका आजीने तर उतरंडीला हात लावून हात कपाळाला लावला.

ऑगस्ट उजाडला. वाढदिवसाला आठवडा राहिला तेव्हा व्हॅन पहिल्यांदा बाहेर काढली. देल्फीन स्टिअरिंगवर, बेने हुकांत, मी तिच्या मागे, वाल्तेर फुटपाथवरून पळत. मोठ्या रस्त्यावर आपीवालीच्या गाड्याशी थांबायचं आणि बेनेने उतरून सगळ्यांना मक्याची गरम आपी पाजायची, असं ठरलेलं. देल्फीनने गाडी फुटपाथला लावली. मी दार सरकवलं, उतरंड सोडली.

उतरंड धाडकन रस्त्याच्या मधोमध पडली. बिअरच्या खोक्यांचा एक ट्रक कर्कश हॉर्न देत तिच्या टोकाला घासून गेला. समोरून मिनीबसांचा लोंढा येत होता, आणि विकुन्याचं तोंड थेट त्या लोंढ्याकडे. पलीकडून, फुटपाथवरून, आपीवालीचा आवाज आला, "अहो, या गाडीला दार कुठाय? इकडे नुसते ससेच ससे!"

मी उतरंड वर ओढली. वाल्तेर येऊन डोकं धरून उभा राहिला. आम्ही तिघंही बेनेकडे बघत होतो. ती काही बोलली नाही. अनेक वर्षांत मी तिला गप्प बघितलं नव्हतं, आणि मला ट्रकची वाटली नव्हती तेवढी भीती त्या गप्प बसण्याची वाटली.

"मिस्त्री," मी तिच्याऐवजी ओरडले, "डावीकडे? फुटपाथ कुठल्या बाजूला असतो तुमच्या गावात?"

"दोन्या इलारिया, आईशप्पथ, इतर सगळ्या गाड्यांचं दार मी उजवीकडे घेतो! जन्मभर घेत आलोय! पण ह्यांनी सांगितलं, जशी ही तशीच." त्याने डॅशबोर्डवरची चिमुकली गाडी उचलून दाखवली. "हे बघा. डावीकडे. मी विचारणार होतो, तर म्हणाल्या तोंड मी चालवते. धूर दिलेल्या वस्तूशी मी वाद घालू?"

आम्ही बघितलं. दार डावीकडेच होतं. जानेवारीपासून एकेकोच्या पोटावर आमच्याकडे तोंड करून होतं, आणि त्या सुंदर दाराची बाजू कुठली, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. दार दिसलं, आम्ही खूश.

कासियानोच्या टपरीवर धडकलो तर तो वर आमच्यावरच उखडला. "मी समोर दिसतं ते बनवतो. वाल्तेरच्या दुकानाबाहेर उभ्या असतात त्या गाड्यांवरून घेतलं माप. त्यांचं दार डावीकडेच असतं!" असतंच. त्या जपानातून आलेल्या, अजून न कापलेल्या. म्हणजे वाल्तेरने कासियानोची नक्कल केली आणि कासियानोने वाल्तेरच्या गिऱ्हाइकांची. माझ्या तोंडून हसू फुटलं. बेनेने माझ्याकडे असं बघितलं की ते मी गिळलं.

देल्फीन तिच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "राहू दे आता," तो हळूच म्हणाला. "दिवस कुठे राहिलेत? आतल्या बाजूला बस. पुढच्या दारातून ओरडायला पोरगा ठेवू. तू गाडीत तर असशील."

"देल्फीन, मला फिरायला जायचं नाहीये," ती म्हणाली. आवाज एवढासा. "मला काम पाहिजे. माझं."

आणि रडली. भर बाजारात, कासियानोच्या टपरीपुढे, हातांनी डोळे पुसता येत नाहीत म्हणून सगळं गालांवरून ओघळू देत रडली. देल्फीनने आपल्या टोपीने तिचं तोंड पुसलं. मग उभा राहिला आणि वाल्तेरला म्हणाला, "काप. उजवीकडे."

पण घोडं अडलंच. वाल्तेर म्हणाला, छोटीचं दार डावीकडे असताना मोठीचं उजवीकडे करायला माझा हात धजणार नाही. देवाकडे एक मागायचं आणि करायचं दुसरं? कासियानो म्हणाला, अलासितास संपून गेलं, धूर दिलेली वस्तू आता मध्येच उकलायला मी काय वेडा आहे? दोघंही हाताची घडी घालून उभे. मला वाटलं, दोघांच्या डोक्यात तीच काठी घालावी.

तेवढ्यात बेनेने नाक ओढलं. "महिना कुठला आहे?"

"ऑगस्ट," मी म्हटलं.

"ऑगस्टात धरतीचं तोंड उघडं असतं. ती भुकेली असते. एकेकोला जे जानेवारीत सांगायचं राहिलं ते तिच्या कानात आत्ता सांगू. कोण नाही म्हणतो?"

कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात धूपवाल्या बाईने विस्तवावर नैवेद्य मांडला: कोकाची पानं, रंगीत लोकर, चरबी, आणि साखरेच्या वड्या, त्यातल्या एकीवर गाडीचा छाप. कासियानोने सगळ्यांसमोर चिमुकल्या गाडीचं दार उकललं, उजवीकडे डाग दिला. बेनेने एकेकोला मांडीवर ठेवून घेतलं आणि त्याला झापलं, "तू दिलंस ते बरोबरच दिलंस. मागताना आम्ही गाढवपणा केला. आता नीट ऐक. उजवीकडे. फुटपाथाच्या बाजूला. पुन्हा सांगू?"

पुन्हा सांगितलंही, तीनदा. विस्तव पांढरा जळला, बाई म्हणाली धरतीने घेतलं, आणि वाल्तेरने त्या क्षणी करवत उचलली.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. व्हॅन गल्लीत काढली, गल्ली बंद. डावं दार वेल्डिंग करून कायमचं बंद केलं, तिथला ससा तसाच राहिला. उजव्या बाजूचा ससा पोटातून कापला गेला आणि तिथे मोडीतल्या एका व्हॅनचं निळं दार आलं, त्यामुळे त्या सशाला पुढे डोकं आणि मागे शेपूट, मध्ये नुसता निळा रंग. हूक उखडून पलीकडे बसवले. मी सीटा उलट्या बाजूने पुन्हा शिवल्या आणि शिवताना कोणाकोणाला शिव्या घातल्या हे माझ्या मशीनला ठाऊक. देल्फीनचे भाऊ पत्रा धरायला, शेजारणी चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, आणि शेंगदाण्याचं सूप घेऊन. बेने मधोमध विकुन्यावर, सगळ्यांना कामाला लावत. तिचा आवाज परत पोटातून येत होता. कबुतरंही उडाली.

वाढदिवसाच्या सकाळी लाइनच्या सगळ्या मिनीबस फुलांनी मढून संघटनेच्या मैदानात उभ्या होत्या. बँड वाजत होता, चाकांवर बिअर ओतली जात होती, ज्याच्यात्याच्या केसांत रंगीत कागदाचे तुकडे. सेनोन गळ्यात माळा घालून प्रत्येक गाडीभोवती फिरत होता. आमच्यापाशी आला. निळं दार बघितलं, अर्धा ससा बघितला, आत डोकावला.

"सीटा कमी आहेत."

"दुमडत्या आहेत, सेक्रेटरीसाहेब," मी म्हटलं. "खाली पाडा आणि मोजा."

"ही फळी उघडणार, मिटणार. गर्दीच्या वेळी कोण थांबणार? लाइन खोळंबेल." त्याने हात झटकला. "इथे नको दाखवू, दोन्या बेने. सेखाच्या थांब्यावर चल. भरलेल्या गर्दीत माणसं घे आणि निघून दाखव. तुझ्यापायी मागची गाडी अडली तर जागा गेली."

देल्फीनचा चेहरा उतरला. बेनेचा फुलला. "गर्दीत ना?" ती म्हणाली. "चला."

सेखाच्या थांब्यावर जत्राच होती. देल्फीनने गाडी फुटपाथला लावली. सगळ्यांच्या देखत खुर्ची चढवायची म्हणून बेने विकुन्यावरून फुटपाथने आधीच पुढे येऊन थांबली होती. मी निळं दार सरकवलं, उतरंड सोडली. ती अलगद फुटपाथवर टेकली. बेनेने विकुन्याचं तोंड वळवलं, आणि तेवढ्यात पाठीवर बटाट्यांचं गाठोडं बांधलेली एक बाई तिच्या पुढून तरातरा उतरंडीवरून आत चढली. "आई गं, काय सोय केलीये! गुडघे वाचले." तिच्या मागून काठीवाला म्हातारा. त्याच्या मागून पोर कडेवर घेतलेली एकजण. मग सगळेच. कोणी वाकत नव्हतं, कोणी धडपडत नव्हतं. चालत येत होते आणि आत जात होते. बघता बघता गाडी भरली, आणि बेने फुटपाथवरच! तिच्या हुकांवर बटाट्याचं गाठोडं. सेनोन घड्याळाकडे बघत होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

बेनेने श्वास घेतला. मी कानांवर हात ठेवले.

"अहो मावशी! बटाटे मांडीवर! आजोबा, मागे सरका, मागे, तिथे कोणी चावत नाही! तुम्ही दोघं, लग्न झालंय ना, मग चिकटून बसा! ती जागा माझी आहे. पेरेस, पेरेस, सान फ्रान्सिस्को!"

आख्खी गाडी एका झटक्यात मागे सरकली. विकुन्या न बिचकता चढली. मी हूक अडकवले, पट्टे ओढले, खाली उडी मारून उतरंड उचलली. मागच्या गाडीने दुसरा हॉर्न द्यायच्या आत. सेनोन चढायला पुढे झाला. तपासणीला आत बसावं लागतं.

"जागा नाही, साहेब," बेने म्हणाली.

लोक खो खो हसले. हिच्या तोंडून हे शब्द त्या चौकात कोणी कधी ऐकले नव्हते.

दार लागलं. काच उघडी, काचेत बेने. पण गाडी हलेना. देल्फीन समोर बघत बसलेला, हात गिअरवर. मला एकदम कळलं. तो थापांची वाट बघत होता. आणि बेनेचा हात टपापर्यंत पोचणार कसा? सेनोन घड्याळावर बोट आपटत होता. मी काचेतून बटाटेवालीला म्हटलं, "मावशी, टपावर दोन थापा मारा!" तिने मारल्या, चांगल्या सणसणीत.

देल्फीन हलला नाही. मान वळवून हळूच म्हणाला, "हा तिचा हात नाही."

बेनेने खाली बघितलं. तिचं बोट दांडीवरून सरकलं, हॉर्नच्या ज्या बटणाला ते कधी लावायचं नाही म्हणून तिने ठरवलं होतं त्यावर गेलं.

पीं. पीं.

देल्फीनने गिअर टाकला.